माल्टा बेटास जाण्यापूर्वी

गेल्या कार्तिकातील गोष्ट. सायंकाळची आरती आटोपून आम्ही पाचसहाजण देवळाच्या सभामंडपात बसलो होतो. मंडळींत एक गृहस्थ होते. जन्म निपाणीचा, बिऱ्हाड बेळगावात, आणि नोकरीतून नुकतेच मोकळे झालेले. मुलगा परदेशी नोकरीस आहे. आईवडिलांनी एकदा तरी युरोप पाहावे अशी त्याची इच्छा, आणि सुरुवात लहानशा जागेपासून करावी म्हणून त्याने माल्टा नावाच्या बेटाचा बेत आखून पाठविला होता. तो कागद ह्या गृहस्थांनी खिशातून काढून आम्हांस वाचून दाखविला. सात दिवसांचा बेत. त्यात विमानांच्या वेळा, हॉटेलांची नावे, निळ्या पाण्यातील नौकाविहार, एक जुना किल्ला, पुन्हा नौकाविहार. वाचन संपले तेव्हा खांबास टेकून बसलेले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांच्या घरात आजही कोंकणीच बोलली जाते, शांतपणे म्हणाले, "थंय आमचें कितें आसा रे?"

तेथे आपले असे काय आहे? मंडळी हसली, प्रसाद वाटला गेला, आणि जो तो आपापल्या घरी गेला. प्रश्न मात्र आमच्या डोक्यातून जाईना. काशीस जाणाऱ्याला असा प्रश्न कोणी विचारीत नाही. लंडनास जाणाऱ्यालाही नाही, कारण तेथे आपले काय होते आणि काय राहिले हे सर्वांस ठाऊक आहे. पण भूमध्य समुद्राच्या मध्यभागी पडलेल्या एका खडकाशी बेळगाव-निपाणीकडील माणसाचा संबंध तो काय असावा? त्या गृहस्थांस उत्तर द्यावे म्हणून पुढील आठवडाभर आम्ही जे वाचले व जुळविले, ते येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

प्रथम बेटाची ओळख करून घेऊ. सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे नव्वद किलोमीटरांवर माल्टा आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ २४६ चौरस किलोमीटर. गोझो आणि कोमिनो ही शेजारची बेटे धरली तरी सारे राष्ट्र ३१६ चौरस किलोमीटरांत मावते. एकट्या बेळगाव जिल्ह्याचे क्षेत्रफळ तेरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्यात असे चाळीस माल्टा सुखाने बसतील. नदी नाही, अरण्य नाही, पिवळसर चुनखडीचा दगड मात्र अमाप. परंतु ह्या दगडाला समुद्राने एक देणगी दिली आहे. व्हॅलेटा शहराच्या दोन्ही अंगांस खोल आणि सुरक्षित बंदरे आहेत, आणि ज्याच्या हाती ही बंदरे त्याच्या हाती पूर्व-पश्चिमेच्या मधली वाट. म्हणूनच फिनिशियन, रोमन, अरब, नॉर्मन, स्पॅनिश असे एकामागून एक धनी ह्या बेटास लाभले. १५३० मध्ये ते सेंट जॉनच्या सरदारांच्या पंथाकडे आले, आणि १७९८ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

ह्या सरदारांच्या कारकीर्दीतील दोन गोष्टी आपल्या वाचकांस जवळच्या वाटतील. १५६५ च्या मे महिन्यात तुर्कांच्या आरमाराने माल्टास वेढा घातला तो सप्टेंबरात उठला. युरोपच्या इतिहासात हा महावेढा म्हणून गाजला. त्याच १५६५ च्या जानेवारीत आपल्याकडे राक्षसतागडीची लढाई होऊन विजयनगरचे साम्राज्य कोसळले होते. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण एकाच वर्षी तेथे एक तट टिकला आणि येथे एक राजधानी उद्ध्वस्त झाली, हे लक्षात ठेवून व्हॅलेटाचे तट पाहिले तर पाहणाऱ्याच्या मनात हंपीही उभी राहील. दुसरी गोष्ट नावाची आहे. मार्साम्शेट नामक बंदरात एक छोटे बेट आहे, त्यास मानोएल बेट म्हणतात. आंतोनिओ मानोएल द व्हिल्हेना ह्या पोर्तुगीज महासरदाराने १७२३ नंतर तेथे किल्ला बांधला, म्हणून ते नाव. ज्या राजसत्तेच्या भयाने आमच्या पूर्वजांनी सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास नेली, तिच्याच एका प्रजाजनाचे नाव ह्या बेटास आहे. जुने रोगप्रतिबंधक इस्पितळ, ज्यास तिकडे लाझारेटो म्हणतात, ते ह्याच बेटावर होते. परदेशी गलबतावरील माणसांना शहरात पाऊल टाकण्यापूर्वी तेथे दिवस काढावे लागत. लाझारेटो हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

१७९८ च्या जूनमध्ये नेपोलियनने इजिप्तच्या वाटेवर हे बेट दोनचार दिवसांत घेतले. त्याची दृष्टी इजिप्तच्याही पलीकडे होती, आणि त्या दृष्टीच्या टोकाला टिपू सुलतान होता. कलकत्त्यास वेलस्लीला ह्या बातमीने जी घाई झाली तिची परिणती ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणच्या तटात टिपूच्या मृत्यूने झाली. पुढे १८०१ मध्ये फ्रेंचांना इजिप्तमधून हुसकावण्यासाठी हिंदुस्थानातून बेअर्डच्या हाताखाली जी फौज गेली तिच्यात मुंबई इलाख्याचे शिपाई होते. तांबड्या समुद्राच्या काठी कोसीर येथे उतरून, वाळवंट तुडवून ते नाईलपर्यंत गेले आणि नदीच्या प्रवाहाने खाली भूमध्य समुद्राकडे आले. आपल्याकडील माणसे हत्यार घेऊन त्या समुद्राजवळ पोहोचली ती अशी. त्या वेळी पुण्यास पेशवाई अद्याप उभी होती, आणि बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती जाण्यास सतरा वर्षे अवकाश होता. माल्टाचे फ्रेंच ठाणे १८०० च्या सप्टेंबरात इंग्रजांच्या स्वाधीन झाले, आणि तेथपासून १९६४ पर्यंत ते बेट व आपण बराच काळ एकाच धन्याचे आश्रित होतो.

आता ज्याच्यासाठी माल्टाचे नाव मराठी इतिहासात यावयास हवे तो मनुष्य. तो मराठी नव्हता, पण मराठ्यांचा वकील होता. दुसरा बाजीराव जानेवारी १८५१ मध्ये ब्रह्मावर्तास वारला आणि त्याचा आठ लाखांचा तनखा कंपनी सरकारने दत्तक पुत्र नानासाहेबांस नाकारला. दाद मागण्यासाठी नानासाहेबांनी अझीमुल्लाखान ह्यास लंडनास पाठविले. लंडनात काही साधले नाही. सातारकरांच्या वतीने रंगो बापूजींनी चौदा वर्षे त्याच शहरात उंबरे झिजविले होते, त्यांना तरी काय साधले? अझीमुल्ला १८५५ च्या उन्हाळ्यात परत निघाला आणि वाटेत माल्टास थांबला. तेथे त्याला बातमी कळली ती अशी की १८ जून रोजी सेव्हास्तोपोलवर चढाई करणाऱ्या इंग्रज आणि फ्रेंच फौजांना रशियनांनी मागे रेटले. ही बातमी ऐकून त्याने घरची वाट सोडली आणि तो कॉन्स्टँटिनोपलास गेला. 'टाइम्स' पत्राचा वार्ताहर विल्यम हॉवर्ड रसेल ह्यास तो तेथे भेटला, पुढे क्रिमियातही दिसला. इंग्रजांना हरविणारी माणसे असतात तरी कशी, हे आपल्या डोळ्यांनी पाहण्याची त्याला इच्छा होती, असे रसेलने लिहून ठेवले आहे. दोन वर्षांनी कानपुरास काय घडले हे सर्वांस ठाऊकच आहे. त्याची धग आपल्या भागापर्यंत आली. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरास २७ वी पलटण उठली, आणि बेळगावच्या छावणीत संशयाने धरपकड झाली. सत्तावन्नचे कारण एक माल्टा होते असे म्हणणे हास्यास्पद होईल. इंग्रज अजिंक्य नाही ही गोष्ट मात्र पेशव्यांच्या वकिलास ह्या बंदरात कळली, एवढे खरे. आणि व्हॅलेटाच्या धक्क्यावर उभे राहणाऱ्यास तेवढे पुरेसे आहे.

अझीमुल्ला मुसलमान, त्यास समुद्राची आडकाठी नव्हती. आपल्या लोकांस होती. समुद्रयान हे पातकांत गणले जाण्याचा दाखला बौधायन धर्मसूत्राइतका जुना आहे, आणि कलिवर्ज्य प्रकरणाने तो पुढे अधिकच घट्ट केला. १८२४ मध्ये ब्रह्मदेशच्या स्वारीच्या वेळी बराकपूरच्या शिपायांनी जी बंडाळी केली तिच्या मुळाशी इतर तक्रारींबरोबर समुद्राचे भयही होते. मुंबई इलाख्याच्या लष्करात जातीचे अवडंबर बंगालच्या मानाने पुष्कळ कमी. कोकणातील आणि देशावरील मराठे, महार, मुसलमान, बेने इस्रायल असे सारे एका रांगेत उभे राहत. १८५६ मध्ये इराणच्या बुशहर बंदराकडे आणि १८६७-६८ मध्ये हबसाणात ह्याच लष्कराच्या पलटणी गेल्या. गावी परतल्यावर त्यांना काय भोगावे लागले, कोणी गोमूत्र प्राशन केले, कोणास पंक्तीबाहेर बसविले, ह्याचा इतिहास कोणी लिहिला नाही. विलायतेस जाऊन आलेल्या बॅरिस्टरांच्या प्रायश्चित्ताचे वाद वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने चालले. आमच्या सारस्वत समाजातही परदेशगमनावरून तट पडले, बहिष्कार झाले, मठांपर्यंत कागद गेले. परंतु शिपाई गेला तो कोणाला विचारून गेला नव्हता. त्याचा बेत दुसऱ्याच कोणी आखला होता.

असा एक बेत १८७८ साली थेट माल्टाचा होता. रशियाने तुर्कांस नमविले होते, मार्चमध्ये सान स्टेफानोचा तह झाला होता, आणि रशियन फौज कॉन्स्टँटिनोपलच्या वेशीशी होती. इंग्लंडचा मुख्य प्रधान डिझरायली ह्याने एप्रिलमध्ये जाहीर केले की हिंदुस्थानातून सुमारे सात हजार सैन्य माल्टास आणले जाईल. पार्लमेंटमध्ये मोठा गदारोळ झाला. पण तो ह्या शिपायांच्या धर्माचा किंवा सुखदुःखाचा नव्हे; सभागृहास न विचारता परके सैन्य युरोपात आणण्याचा अधिकार मंत्रिमंडळास आहे काय, एवढ्यापुरता. मुंबईहून आगबोटी सुटल्या, नऊ वर्षांपूर्वी खुल्या झालेल्या सुएझच्या कालव्यातून गेल्या, आणि मे अखेरीपासून बेटावर तंबू उभे राहू लागले. त्यांत बंगाल व मद्रासकडील पलटणी होत्या, गुरखे होते, आणि मुंबई लष्कराचे पायदळ, घोडदळ व सफरमैनाही होते.

वाचकांनी क्षणभर ते दृश्य डोळ्यांसमोर आणावे. जूनचे ऊन, झाडाची सावली नाही, पाणी हौदात साठविलेले, चहूकडे देवळांचे घुमट आणि घंटा, पण त्या घंटा आपल्या नव्हेत. घरी मृगाच्या सरी आल्या असतील, पेरणीची घाई असेल. येथे मात्र आकाशात ढग म्हणून नाही. त्या बेटावर उन्हाळ्यात पाऊस पडतच नाही. लष्करप्रमुख ड्यूक ऑफ केंब्रिज येऊन त्यांची कवायत पाहून गेला. लढाई झालीच नाही. बर्लिनच्या परिषदेत वाटाघाटी झाल्या, सायप्रस बेट इंग्रजांच्या पदरात पडले, आणि माल्टावरील ह्याच हिंदी फौजेस जुलैमध्ये सायप्रसवर नेऊन नवा ताबा पक्का करण्यात आला. त्यानंतर ती परत फिरली. युरोपच्या पटावर एक प्यादे पुढे सरकवून दाखविले आणि डाव जिंकला, असे इंग्रज इतिहासकार लिहितात. प्याद्यांची नावे ते लिहीत नाहीत.

येथे थोडे मागे जाऊन, आणि बेट सोडून, फ्लॉरेन्स शहरास एक फेरी केली पाहिजे. कारण ह्यापुढे जे सांगावयाचे आहे त्याचा पहिला अध्याय तेथे, आणि तोही आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या गादीशी निगडित आहे. छत्रपती राजाराम महाराज वयाच्या विसाव्या वर्षी, १८७० मध्ये विलायतेस गेले. परतताना फ्लॉरेन्सला त्यांचे दुखणे बळावले आणि ३० नोव्हेंबर रोजी ते निवर्तले. आता अंत्यविधीचे काय? इटलीत त्या काळी प्रेत जाळण्याची रीत नव्हती आणि सोयही नव्हती. अखेर तेथील अधिकाऱ्यांनी विशेष परवानगी दिली, आणि शहराबाहेर कॅशिने उद्यानाच्या टोकाला, जेथे मुन्योने ही लहान नदी आर्नोस मिळते, तेथे रात्रीच्या वेळी महाराजांची चिता रचली गेली. संगमावर दहन झाले; जाणकार कोणीतरी बरोबर होता हे उघड आहे. १८७४ मध्ये तेथे छत्री उभारली, तीत महाराजांचा अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या आधुनिक पुलाला तेथील लोक आजही 'हिंदी माणसाचा पूल' ह्याच अर्थाच्या नावाने ओळखतात.

राजाचे असे झाले. शिपायाचे काय होत असेल?

ह्या प्रश्नाचे उत्तर माल्टात आहे. १९१५ च्या एप्रिल अखेर गॅलिपोलीची मोहीम सुरू झाली आणि मेपासून जखमींनी भरलेल्या आगबोटी माल्टाच्या बंदरात लागू लागल्या. बराकी, शाळा, मठ, जे हाती लागले त्याचे इस्पितळ झाले. ऐन भरात सुमारे पंचवीस हजार खाटा त्या टीचभर बेटावर होत्या. युद्ध संपेपर्यंत सव्वा लाखाहून अधिक आजारी व जखमी तेथे येऊन गेले. भूमध्य समुद्राची परिचारिका असे नाव बेटास पडले ते तेव्हाच. गॅलिपोलीच्या रणात आपल्या देशाचे शीख होते, गुरखे होते, डोंगरी तोफखाना होता, आणि दारूगोळा व पाणी घेऊन खेचरांचे तांडे हाकणारे होते. ह्या शेवटच्यांची आठवण कोणी काढत नाही. पण खेचर पुढे गेल्यावाचून तोफ उडत नाही.

माल्टात मरण आलेल्यांसाठी पिएटा येथे सैनिकी दफनभूमी आहे. व्हॅलेटाच्या तटाबाहेर फ्लोरिआना, आणि फ्लोरिआनाच्या पलीकडे पिएटा. त्या भूमीत पहिल्या महायुद्धातील तेराशेंहून अधिक मृतांची नोंद आहे. त्या नोंदीत वीस हिंदी सैनिक असे आहेत की ज्यांना तेथे पुरलेले नाही. त्यांचे दहन लाझारेटो दफनभूमीत झाले, आणि स्मरण मात्र पिएटास राहिले.

वीस. आकडा लहान आहे. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ पॅचम येथील टेकडीवर त्रेपन्न हिंदू व शीख सैनिकांचे दहन झाले, तेथे १९२१ मध्ये संगमरवरी छत्री उभी राहिली, तिचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. माल्टातील वीसांची कथा फारशी कोणाच्या कानी नाही. पण ती कोणत्या परिस्थितीत घडली हे पाहावे. माल्टा हे कट्टर कॅथलिक बेट. रोमच्या धर्मपीठाने १८८६ मध्ये प्रेतदहनास स्पष्ट मनाई केली होती. ती मनाई १९६३ पर्यंत उठली नाही. जेथे पावलोपावली देवळे आणि क्रूस, जेथे मेलेल्या माणसाला अग्नी देणे हे पापच समजले जाई, तेथे युद्धाच्या धामधुमीत, खाटा अपुऱ्या पडत असता, कोणीतरी लाकूडफाटा मिळविला, कोणीतरी जागा नेमली, आणि वीस वेळा चिता पेटली. लाकूड त्या बेटावर दुर्मिळ, हे वर सांगितलेच आहे. ज्या लाझारेटोचे नाव परक्यास दूर ठेवण्याच्या जागेचे, त्याच नावाच्या भूमीत परक्याचा धर्म राखला गेला. इंग्रजी अंमलाविषयी आमच्या मनात गोडवा नाही, आणि ही माणसे तेथे मरण्यास गेली ती त्याच अंमलाच्या हुकमाने. तरीही हा एक शिष्टाचार त्याने पाळला हे नोंदविणे न्यायाचे होईल. पुढे माल्टा स्वतंत्र झाले, प्रजासत्ताक झाले. दहनविषयक कायदा मात्र त्याच्या संसदेने २०१९ मध्ये संमत केला. म्हणजे त्या वीस चितांनंतर शंभर वर्षे.

ह्या वीसांत आपल्या भागाचा कोणी होता असा दावा आम्ही करीत नाही. तसा दावा करण्याची गरजही नाही. बेळगावास १९२२ पासून मराठा पलटणींचे केंद्र आहे. तेथे शरकतच्या रणाचे स्मारक आहे. १९१८ च्या ऑक्टोबर अखेर मेसोपोटेमियात ११४ व्या मराठा पलटणीने जे शौर्य केले त्याचे ते स्मारक. मराठा पलटणी पहिल्या युद्धात मुख्यतः तैग्रीसच्या काठी झुंजल्या, माल्टाकडे नव्हे. दुसऱ्या युद्धात मात्र त्यांची वाट भूमध्य समुद्रावरूनच इटलीस गेली. कोकणातील यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैत टायबरच्या खोऱ्यात पडले आणि नामदेव जाधवांनी १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीकाठी पराक्रम केला. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सांग्रो नदीकाठी जे स्मारक आहे त्यावर अग्निसंस्कार झालेल्या पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत. कोल्हापूरच्या टेंबलाईचा जयजयकार करीत ही पलटण चढाई करते हे बेळगावच्या मुलांस ठाऊक असते. टेंबलाईच्या नावाने पुढे गेलेला मनुष्य जेथे राख झाला ती जागा सांग्रोची असो वा लाझारेटोची, आपल्या देवळाच्या मंडपातून पाहता अंतर सारखेच आहे.

असो. बेटावर पाहण्याजोगे आणखीही आहे, आणि त्यातील दोन गोष्टी आमच्या वाचकांनी चुकवू नयेत. एक म्हणजे तेथील भाषा. माल्टी भाषा मुळात अरबीची लेक, पण लिहितात ती रोमन लिपीत. कॅथलिक ख्रिस्ती मनुष्य प्रार्थनेत देवाला 'अल्ला' म्हणतो. शतकानुशतके न्यायालयाची आणि शिष्टांची भाषा इटालियन होती, माल्टी ही स्वयंपाकघरातील बोली समजली जाई. मिकील आंतोन वास्साल्ली नावाच्या विद्वानाने १७९१ मध्ये तिचे व्याकरण व १७९६ मध्ये कोश छापला, आणि राजकारणापायी हद्दपारी भोगली. १९३४ मध्ये इटालियनचे स्थान गेले व माल्टी राजभाषा झाली. आज ती युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांपैकी एक आहे. जी भाषा घरात बोलतात आणि जी कचेरीत चालते ह्यांतील ओढाताण बेळगाव-निपाणीच्या माणसास कोणी समजावून देण्याची आवश्यकता नाही. आणि तीन-चार लिप्यांत लिहिल्या गेलेल्या कोंकणीच्या अभिमान्यास तर नाहीच.

दुसरी गोष्ट मंदिरांची. माल्टा व गोझो बेटांवर पाच हजार वर्षांपूर्वीची पाषाणमंदिरे आहेत, इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी. गोझोवरील जगंतिया आणि मुख्य बेटावरील हजार ईम व म्नायद्रा ही त्यांतील प्रमुख. कोणत्या देवतेची, हे दगड सांगत नाहीत. म्नायद्राच्या दक्षिणेकडील मंदिरात मात्र दिवस व रात्र समान होतात त्या दिवशी सूर्योदयाचे किरण दारातून सरळ आत, अगदी मागील गाभाऱ्यापर्यंत जातात. कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव ज्याने पाहिला आहे, मावळतीचे ऊन प्रथम चरणांवर, मग कमरेवर, मग मुखावर चढताना ज्याने श्वास रोखून धरला आहे, त्याला म्नायद्राच्या अज्ञात पुजाऱ्याची ओळख पटण्यास वेळ लागणार नाही. आपल्याकडे पूजा चालू आहे, तेथे सुमारे साडेचार सहस्र वर्षांपूर्वी थांबली, एवढाच काय तो भेद. पण तो लहान नव्हे.

एवढे टाचण घेऊन आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. त्यांनी मुलाचा कागद पुन्हा काढला आणि आम्ही दोघांनी त्यावर पंचांग मांडले. मुलाने ठरविला होता मे महिना. म्नायद्राचा किरण पाहावयाचा तर मार्चच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेस किंवा सप्टेंबरच्या बाविसाव्या-तेविसाव्या तारखेस तेथे असले पाहिजे. २०२७ मध्ये २३ सप्टेंबर हा दिवस पितृपक्षात येतो. गृहस्थांची पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली, "पितृपक्षात कोण प्रवासाला निघतं?" रास्त प्रश्न. त्यावर बराच खल झाला. पक्ष लागण्यापूर्वी निघावे, वडिलांचे श्राद्ध बेळगावास धाकट्या भावाने करावे, आणि ह्यांनी तेथे असावे, असे हळूहळू ठरत गेले. शेंगेन व्हिसासाठी कागद कधी द्यावयाचे, सूर्योदयाच्या वेळी म्नायद्रात प्रवेश मिळण्यासाठी जागा आधी कशी राखून ठेवावी लागते, ही चौकशी मुलाकडे सोपविली. एक नौकाविहार रद्द झाला. तिसऱ्या दिवसाच्या सकाळपुढे गृहस्थांनी पेन्सिलीने 'पिएटा' असे लिहिले आणि क्षणभर थांबून पुढे कंसात 'वीस' हा आकडा घातला.

मुलाचा रात्री फोन आला. त्याला ही सारी हकीकत नवीनच होती. तो त्या बेटावर दोनदा जाऊन आला होता आणि पिएटाच्या रस्त्याने बसमधून गेलाही होता.

नंतरच्या एकादशीस देवळात ते वृद्ध पुन्हा भेटले. आम्ही त्यांना सारे सांगितले. त्यांनी राजाराम महाराजांविषयी दोन प्रश्न विचारले, लाझारेटोविषयी एक. मग ते त्या गृहस्थांकडे वळले. ज्यांस कोणी नाही त्यांच्याही नावे पाणी सोडण्याची योजना आपल्या तर्पणविधीत आहे, तेव्हा गोत्र ठाऊक नसले तरी अडत नाही, असे ते म्हणाले. तीळ चिमूटभर पुरतात. दर्भ परक्या देशाच्या जकातीवर अडविला जाण्याचा संभव आहे, असे कोणीतरी मध्ये बोलले. वृद्धांनी आपल्या उजव्या अनामिकेतील झिजलेली सोन्याची पवित्री काढली, उपरण्याने पुसली, आणि ती त्यांच्या बोटात बसते का ते पाहू लागले.